घटासमोरचा पाट

तीर्थरूप आत्याबाई,

तुमच्या सुनेचा, विमलचा, नमस्कार.

तुम्हाला जाऊन वर्ष उलटलं. वर्षश्राद्ध झालं तेव्हाही मला लिहावंसं वाटलं नव्हतं. गेलेल्या माणसाला कोणी पत्र लिहितं का, कागद फुकट जातो, असं मीच दुसऱ्या कुणाला म्हटलं असतं. पण आज आठवी माळ आहे, आणि संध्याकाळच्या आरतीनंतर मला तुमच्या पाटावर बसवायचं ठरलंय. घटासमोरचा तोच पाट, ज्याच्यावर बसलं की तुमच्या अंगात देवी यायची. माझ्या अंगात काही येत नाही, आत्याबाई. आणि शेजारच्या कमलवहिनी आपल्या सुनीताला घेऊन विचारायला येणार आहेत, पोरीला सासरी परत पाठवायचं का नाही. मी काय बोलायचं, आणि कोण म्हणून बोलायचं? हे तुम्हाला सोडून कुणाला विचारू?

हे सगळं कालच्या आरतीपासून सुरू झालं. काल सातव्या माळेला मी पडले. आपला उपास तुम्हाला ठाऊकच आहे, शिजलेलं काही नाही, दूध आणि केळी एवढंच. यंदा केळ्यांचा भाव ऐकून मी केळी बंद केली, आणि दूध ह्यांच्या चहापुरतं ठेवलं. खर्चाच्या वहीत उपासाचं पान कोरं राहिलं म्हणून मनातून खूशही होते. देवीसाठी उपास आणि घरासाठी काटकसर, दोन्ही एकाच पोटात घातल्यावर पोटानं तरी काय करावं? आरती संपत आली होती. घंटा वाजता वाजता लांब गेली, नंदादीपाच्या दोन ज्योती झाल्या आणि मी खाली.

शुद्धीवर आले तर कपाळभर कुंकू आणि कमलवहिनींचं डोकं माझ्या पायांवर. मी म्हटलं, "पाणी." तर मागून कोणीतरी म्हणालं, "देवीनं पाणी मागितलं," आणि बायका नारळ फोडायला पळाल्या. समोरच्या घरच्या चाची नेहमीसारख्या आपल्या उंबऱ्याशी उभ्या राहून आरती ऐकत होत्या. त्या तेवढ्या म्हणाल्या, "अगे, पैले सादा पानी पिलाओ उनको, पाँव बाद में पडो." पण त्यांचं कोण ऐकतं?

तेव्हाच का नाही सांगितलं मी, की ही चक्कर आहे? अंगात त्राण नव्हतं, हे खरं. पण आणखी एक खरं आहे, ते तुम्हालाच सांगते. बरं वाटलं होतं मला. घरात एवढी माणसं आणि सगळी गप्प राहून मी काय बोलते याची वाट बघतायत, असं माझ्या उभ्या जन्मात झालं नव्हतं. तुम्हाला पण असंच वाटायचं का?

सकाळी ह्यांना म्हटलं, "मला चक्कर आली होती." दाढी करता करता म्हणाले, "असं बोलू नये. आईचं ठाणं आहे ते. रिकामं राहिलं की लोक बोलतात. आणि नुसतं बसायला तुझं काय जातंय?"

"खोटं बोलायला लागतं."

"मग आई काय खोटं बोलायची?"

एवढं म्हणून ते साबण पुसून कचेरीत गेले.

दुपारी कमलवहिनी आल्या, मागच्या दारानं. त्यांची सुनीता तुम्हाला आठवत असेल, लग्नात घाबरून अक्षता पडायच्या आधीच हार घालायला निघालेली. नागपंचमीला माहेरी आली ती परत गेलेली नाही. डावा हात सतत पदरात असतो. पाणी भरताना पडले म्हणते, पण नळावर मी बघितलंय, हंडा एकाच हातानं धरते. मनगट वाकडं जोडलं गेलंय. सासरचा निरोप आलाय, दसऱ्याला न्यायला येतो म्हणून.

कमलवहिनी माझ्यासमोर बसल्या आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "वहिनी, देवी आली का नाय, मला ठाऊक नाय. मी अडाणी बाई. पण संध्याकाळी आली तर एवढं बोला, पोरीला पाठवू नका. बोलू वाटलं नाय तर बोलूबी नका, नुसती मान हलवा. बाकीचं मी बोलते."

"दगडूभाऊ बाप आहेत तिचे, त्यांना तुम्हीच का सांगत नाही?"

"माझं ऐकलं असतं तर तुमच्या दारात कशाला आले असते? पोरीला पाठवायचं म्हणून हटून बसलेत. पण देवी नाय म्हणली तर तेबी सुटतेत. व्याह्याला सांगायला तोंड होतं."

बघा, आत्याबाई. एवढं सोपं आहे. नुसती मान हलवायची.

तुम्ही काय केलं असतं, ते मला ठाऊक आहे. माझ्या बाबतीत तुम्ही तेच केलं होतं.

माझं लग्न माघात झालं आणि मॅट्रिकची परीक्षा फाल्गुनात होती. फॉर्म वडिलांनी आधीच भरलेला. मामंजींनी एका वाक्यात विषय संपवला, "आता कशाला? भाकरीवर काय इंग्रजीत नाव लिहायचंय?" हे त्यांच्यापुढं मान वर करत नव्हते, आणि तुम्ही तर मामंजी घरात असले की बसतसुद्धा नव्हता, भिंतीला टेकून उभ्या. परसात गहू निवडताना मी तुमच्यापाशी रडले. तुम्ही एवढंच विचारलंत, "कधीपासून हाय पेपर?" मी म्हटलं, सोमवारपासून. तुम्ही सूप झटकलंत आणि आत गेलात.

शुक्रवारी तुमच्या अंगात देवी आली. केस सुटलेले, आणि आवाज असा की गल्लीतली कुत्री गप्प झाली. मामंजी समोर हात जोडून. "माझ्या लेकीला सोमवारपासून परीक्षेला बसव. नाय बसवलंस तर या घरात दिवा लागू द्यायची नाय." सोमवारी सकाळी मामंजी स्वतः मला सायकलवर बसवून केंद्रावर घेऊन गेले. रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत, पण पेपर सुटेपर्यंत बाहेर लिंबाखाली बसून राहिले.

निघताना तुम्ही माझ्या हातावर दही ठेवलंत आणि हळूच म्हणालात, "काय म्हणली गं देवी परवा? मला मागनं कायच ध्यानात राहत नाय."

देवीला सोमवार कसा ठाऊक होता, आत्याबाई? तो मी तुमच्याशिवाय घरात कुणालाच सांगितला नव्हता.

आज मी घरचा जमाखर्च लिहिते, लाइटचं बिल वाचते, गल्लीतल्या बायकांचे अर्ज लिहून देते, ते त्या शुक्रवारामुळं. मग तो शुक्रवार खोटा होता, असं कुठल्या तोंडानं म्हणू?

आणि तुमचा विडा? बायकांनी पान खाल्लेलं मामंजींना खपत नव्हतं. देवीला मात्र दर शुक्रवारी विडा लागायचा, कात जास्त, चुना बेताचा. मामंजी स्वतः जाऊन लावून आणायचे. विडा तोंडात गेला की तुम्ही मोठ्यानं हसायचात. ते हसू मी एरवी कधी ऐकलं नाही. शनिवारी सकाळी तुम्ही पुन्हा भिंतीला टेकून उभ्या.

पोलीस अ‍ॅक्शननंतर फुलंब्रीकडचं गाव सोडून मामंजी तुम्हाला या गल्लीत घेऊन आले. इथं तुमचं कोणी नव्हतं. त्याच वर्षीच्या नवरात्रात पहिल्यांदा देवी आली, असं तुम्हीच सांगायचात. नवं शहर, अनोळखी बायका, मामंजींचा तो स्वभाव. दुसरं कोण येणार होतं तुमच्यासाठी?

तरी माझा राग आहे तुमच्यावर. आठवड्यातली एक संध्याकाळ तुम्ही मनासारखं बोललात, खाल्लंत, हसलात, आणि तीही दुसरीच्या नावावर जमा केलीत. मला एकदा तरी सांगायचं होतं. मी कुणाला बोलले असते का?

कदाचित माझंच चुकत असेल. खरंच देवी येत असेल, तिलाच विडा आवडत असेल आणि तिलाच माझ्या पेपरची काळजी असेल. तिच्याविषयी माझ्या मनात शंका नाही. नवरात्रात तिच्या दिव्यातलं तेल मी एकदाही संपू दिलेलं नाही. म्हणून तर भीती वाटते. तिच्या नावावर माझं बोलणं कसं खपवू?

तुमच्या शेवटच्या आजारपणातला एक दिवस डोळ्यांपुढून जात नाही. बाजेवर पडल्या पडल्या तुम्ही म्हणालात, "विमल, विडा आण." मी म्हटलं, "आज शुक्रवार नाही, आत्याबाई."

"देवीला नाय गं. मला."

मामंजी जाऊन किती वर्षं झाली होती, तरी बोलताना तुम्ही दाराकडं बघून घेतलंत. दात नव्हते, मी खलबत्त्यात कुटून दिला. तुम्ही तो गालात धरून डोळे मिटले आणि हसलात, पण आवाज न करता. एवढ्या उशिरा का मागितलात? आधी मागितला असतात तर मी आणला नसता का?

उन्हं कलली. वाती करायच्या राहिल्यात. कमलवहिनी येतीलच आता पाट मांडायला. उठते.

*

इथपर्यंत काल लिहिलं होतं. आज नवमी, दुपार आहे. काय झालं ते सांगते, रागावू नका.

संध्याकाळी घरात माणसं मावेनात. पाट कमलवहिनींनीच मांडला होता, त्याच्यावर खण, भोवती रांगोळी. दगडूभाऊ भिंतीशी बसलेले, टोपी नीट करत. सुनीता आईच्या मागं. आरती संपली, घंटा थांबली आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. हे हातात ताट धरून मला डोळ्यांनी खुणावत होते, बस.

मी पाटापर्यंत गेले. कमलवहिनी हात जोडून म्हणाल्या, "आई, माझ्या पोरीनं सासरी जावं का नाय, सांग." आणि माझ्याकडं असं बघितलं, की मान आपोआपच हलली असती. पोरगी सुटत होती, आत्याबाई. मी सुनीताकडं बघितलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती. पाटाकडं बघत होती. पाट काय ठरवतोय, याची वाट बघत असल्यासारखी.

तेव्हा मनात आलं, आज देवीनं सांगितलं म्हणून थांबलेली पोरगी, उद्या दुसऱ्या कुणाच्या अंगातल्या देवीनं सांगितलं म्हणून परत जाईल. तिच्या सासरी काय पाट नसतील?

मी म्हटलं, "देवी आलेली नाही, दगडूभाऊ. कालसुद्धा आली नव्हती. मी उपाशी होते, मला चक्कर आली."

दाराबाहेरून चाचींचा आवाज आला, "मै तो कलीच बोली थी." एरवी कोणीतरी हसलं असतं. ह्यांच्या हातातलं ताट कललं आणि निरांजन विझलं.

दगडूभाऊ म्हणाले, "मग आमाला कशाला बसवून ठिवलं?"

"तुम्ही देवीला विचारायला आलात. पोरीला विचारलंत का?"

"पोरीला काय कळतंय?"

"हात तिचा मोडलाय, भाऊ. कळत असेल."

मग मीच विचारलं. "सुनीता, तुला जायचंय का?" माझा आवाज चिरका लागला. तुमच्यासारखा नाही लागला. बाहेर कुत्री भुंकत होती, ती भुंकतच राहिली.

कमलवहिनी तिच्या दंडाला धरून हलवत होत्या. मग तिनं पदरातला हात बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. "मला नाय जायचं, काकू. पाणी भरताना नाय पडले मी."

दगडूभाऊंनी त्या हाताकडं बघितलं. मला वाटलं, आता ते विरघळतील. क्षणभर तसं दिसलंही. पण एवढ्या माणसांत बसलेले ते. उठले आणि म्हणाले, "वहिनी, देवीनं सांगितलं असतं तर व्याह्याला तसं सांगता आलं असतं. आता काय सांगू? शेजारची मॅट्रिक झालेली बाई नको म्हणली म्हणून? माझ्या धाकटीला मग कोण करून घेईल? एवढीच कळकळ असंल तर ठिवा तुमच्या घरात."

टोचून बोलले होते. जवाबाची वाट न बघता चप्पल शोधायला लागले.

मी म्हटलं, "ठेवते."

आत्याबाई, त्या एका शब्दानंतर मला कळलं, तुमच्यात आणि माझ्यात काय फरक पडला ते. देवी सांगते तेव्हा करायचं बाकीच्यांनी असतं. मी सांगितलं की करायचंही मलाच. स्वतः सांगून स्वतः करायची सोय तुम्हाला नव्हती, तुमच्या हातात ना घर होतं ना दार. म्हणून तुम्ही तिला बोलावलंत. मला आता तुमचा राग येत नाही. पण माझ्या हातात घर आहे, निम्मं का होईना. मग मी तिला कशाला मध्ये घालू?

माणसं पांगली. जाताना कमलवहिनी माझ्यापाशी थांबल्या. डोळे कोरडे. "नुसती मान हलवायची होती, वहिनी. आता सगळ्यांदेखत बापाची जिद्द झाली." त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. मान हलवली असती तर त्यांची पोरगी आज त्यांच्याच घरात असती, आणि दगडूभाऊ ताठ मानेनं व्याह्याला नाही म्हणाले असते. मी केलं ते बरोबर केलं का? अजून ठाऊक नाही.

हे रात्री माझ्याकडं पाठ करून झोपले. सुनीता तुमच्या बाजेवर झोपली. सकाळी ह्यांनी पेपर वाचता वाचता, माझ्याकडं न बघता विचारलं, "गवळ्याला रतीब वाढवायला सांगू का?" मी म्हटलं, सांगा. थोड्या वेळानं म्हणाले, "आणि तू पण घेत जा. पुन्हा पडलीस तर लोक म्हणतील देवी आली." तुमचा मुलगा आहे शेवटी.

आता तुम्हाला दुखेल असं एक. मघाशी सुनीताला वाढायला घेतलं. माझा उपास, पण तिनं का उपाशी राहावं? ती ताट घेऊन आली, इकडंतिकडं बघितलं आणि घटासमोरचा तुमचा पाट ओढून त्याच्यावर बसली. खण कालच काढला होता, नुसतं लाकूड होतं. त्या पाटावर तुमच्याशिवाय कोणी बसलेलं मी बघितलेलं नाही. माझा हात वाढता वाढता थांबला. ऊठ म्हणणार होते.

तिनं उजव्या हातानं भाकरी मोडायला घेतली. एका हातानं मोडेना, मग तिनं वाकडा हात वर आणला आणि भाकरी दाबून धरली. माझ्यासमोर लपवला नाही. मी पिठलं वाढलं. खाता खाता म्हणाली, "काकू, मिरची लई लागली." मी म्हटलं, "मग आधी बोलायचं ना." ती हसली. घटात पेरलेलं धन वीतभर वाढलंय यंदा, तिच्या खांद्यापाशी हलत होतं. देवी रागावली असती, तर एवढं तरारलं असतं का?

उद्या दसरा. तिच्या सासरची माणसं येणारच. आधी कमलवहिनींकडं जातील, आणि दगडूभाऊ बोट आपल्या दाराकडं दाखवतील. तोपर्यंत ह्यांचं मन टिकेल का, मला सांगता येत नाही. सकाळपासून दारात पाऊल वाजलं की मी उठून कडी बघून येते. ही भीती उपासाची नाही, यावेळी दूध प्यायलेली आहे मी.

पण तुम्हाला शब्द देते, आत्याबाई. उद्या दार मी उघडीन. जे बोलायचं ते माझ्याच तोंडानं बोलेन, कपाळावर रोजच्याएवढंच कुंकू असेल, आणि ते ओरडले तरी मी भिंतीला टेकून उभी राहणार नाही. पोरीला विचारल्याशिवाय तिला या उंबऱ्याबाहेर कोणी नेणार नाही. दिव्याला तेल मी घालत राहीन, तसंच.

ह्यांना विडे आणायला सांगितलेत, कात जास्त, चुना बेताचा. एक देवीपुढं, एक तुमच्या फोटोपुढं. तुमचा तुम्हीच खायचा, देवीच्या नावावर घालायचा नाही.

पाट धुऊन उन्हात ठेवलाय. रोज जेवायला लागेल तो आता.

तुम्ही परीक्षेला बसवलेली,
विमल